पिंडाशेजारचं विमान

हे आत्ताच सांगायला हवं. आत्ता म्हणजे आत्ता, नाहीतर मी परत दुसरंच काहीतरी लिहायला घेईन. हे प्रकरण मी तीनदा पुढे ढकललंय. शाळेचं लिहिलं, जत्रेचं लिहिलं, आमच्या म्हशीवर तर सहा पानं लिहिली, आणि इथे आले की हात थांबतो. काल विमानांची छोटी मॉडेल बनवणाऱ्यांच्या एका ग्रुपवर कोणीतरी सहज विचारलं, तुमच्या घरात बनलेलं सगळ्यात वेगळं मॉडेल कुठलं, फोटो टाका. मी दोन ओळींचं उत्तर टाइप करायला बसले आणि अंगठे थांबेचनात. फोटो नाहीये माझ्याकडे. असता तरी टाकला असता की नाही माहीत नाही. म्हणून सरळ इथे लिहिते, चुका झाल्या तर होऊ देत.

तर आमचं घर खर्डीला. स्टेशनपासून वीस मिनिटं चालत, दोन ओहळ ओलांडले की. घरात आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, मनीषा, घरात मनी. बाबा मुंबईला एका खेळण्यांच्या दुकानात पॅकिंगला होते. दुकान मोठं होतं, परदेशातून माल यायचा, आणि त्यात विमानांची किटं असायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: खोक्यात विमान नसतं, विमानाचे तुकडे असतात. प्लास्टिकच्या एका चौकटीला पंख, शेपूट, चाकं, पायलटचं डोकं असं सगळं लोंबत असतं. एकेक कापून घ्यायचं, घासायचं, चिकटवायचं, रंगवायचं. त्या चौकटीला खरा शब्द काय ते मला पार नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. बाबा तिला डहाळी म्हणायचे. "मने, डहाळीवरून पंख काढ. हळू, कवळा हाय." जणू काय भेंडीच तोडायची होती.

पण आमच्याकडे पूर्ण किट कधीच आलं नाही. खोकं भिजलेलं, फाटलेलं, आतलं निम्मं गायब, असं काही असलं की दुकानाचे शेठ म्हणायचे, पांडुरंग, घेऊन जा. मग शनिवारी बाबा पिशवीत ते खोकं घेऊन यायचे आणि रविवारी सकाळी मागच्या दारात, जिथे उजेड चांगला पडायचा तिथे, पत्र्याच्या पेटीवर आमचा कारखाना लागायचा. कागदावर इंग्रजीत काय लिहिलंय ते मी वाचायची. मला निम्मं कळायचं नाही, बाबांना काहीच कळायचं नाही, पण ते चित्र बघून माझ्या आधी जोडून मोकळे. जे नसेल ते बनवायचं. पायलटच्या डोक्यावरची काच नसली तर गोळ्यांच्या पाकिटावरचा प्लास्टिकचा फुगा कापून बसवायचा. चाक नसलं तर शर्टाचं बटण. एरियलची तार हवी असली तर डहाळीचा तुकडा मेणबत्तीवर धरायचा, मऊ झाला की दोन्ही हातांनी ओढायचा, केसासारखा बारीक दोरा निघतो. गोंद पण घरचाच: डहाळीचे तुकडे बाटलीत थिनरमध्ये टाकून ठेवायचे, आठवड्यात त्याची पेज होते. आई आतून ओरडायची, "बाटल्या झाका रे! माझ्या भाकरीला तुमच्या इमानाचा वास येतो." आणि खरंच यायचा. तांदळाची भाकरी, भाजलेला बोंबील आणि थिनर, माझ्या लहानपणाच्या रविवारचा हाच वास आहे, काय करणार.

रंगाचं तर विचारू नका. खोक्यावर चित्र असायचं करड्या लढाऊ विमानाचं. बाबांकडे रंग दोनच, एसटीच्या डेपोत कोणीतरी ओळखीचं होतं त्यानं दिलेला लाल आणि पिवळा. झालं. आमचं पहिलं लढाऊ विमान लालपिवळं झालं आणि त्याच्या पोटावर बाबांनी टाचणीनं लिहिलं, मुरबाड ते टोकावडे. दुसऱ्या एकाच्या टपावर त्यांनी तारेचं कॅरिअर बसवलं आणि त्यावर खऱ्या पेंढ्याचे भारे बांधले. पायलटला मिशा आणि डोक्यावर टोपी. शेजारचे यायचे, हसायचे. मोठे काका, म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ, ते वरच्या आळीत राहायचे, ते आले की दारातच विचारायचे, "काय रे पांड्या, कधी उडवतोस? मला उंबरमाळीला सोड, पाय दुखतात." बाबा म्हणायचे, "तिकीट काढलंस का?" काका बसायचे, चहा प्यायचे, पंखाला एका बोटानं हात लावून बघायचे, आणि जाताना दरवेळी म्हणायचे, "येडा झाला यो." पण मी बघायची ना, ते हात लावताना आधी बोट सदऱ्याला पुसायचे.

मोठ्या काकांची एक गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते आईशी बोलायचे नाहीत. भांडण नव्हतं. रीतच तशी होती, थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही, आणि ती पण त्यांच्याकडे बघून बोलत नाही. जे सांगायचं ते मधल्या माणसाला. आमच्याकडे मधलं माणूस म्हणजे मी. दोघं पाच हातांवर बसलेले असायचे. काका म्हणायचे, "मने, तुझ्या आयशीला सांग, चाय गोड झाला." मी मान वळवून, "आई, चहा गोड झाला म्हणतात." आई भिंतीकडे बघून, "सांग त्यांना, साखर बेतानीच टाकलीय." "काका, बेतानीच टाकलीय." लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरात असं असतं. एकदा मी मुद्दाम उलटसुलट निरोप दिले तर दोघंही गालात हसले, पण एकमेकांकडे बघून नाही. एक खांबाकडे, एक चुलीकडे.

मी अकरावीला होते तेव्हा बाबा गेले. सायन्स घेतलं होतं, शहापूरला कॉलेज, जीपनं जायची यायची. सायन्स हे बाबांचंच खूळ. "तू वाच त्या कागदांवर काय लिवलंय त्ये," म्हणायचे, "मी जोडतो, पर का जोडतो त्ये मला म्हाईत नाय. तू शीक." भात पिकायला आलं होतं. दुकानात माळ्यावरून खोकं काढताना ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. निरोप वाण्याच्या फोनवर आला. मी तेव्हा मागच्या दारात एका पंखाला गोंद लावून बसले होते, तो धरून ठेवायला लागतो थोडा वेळ. वाण्याचा मुलगा अंगणात येऊन सांगायला लागला आणि मी म्हटलं, थांब जरा, सुटेल. हे मी म्हटलं. मला नीट आठवतं. त्यानं परत सांगितलं आणि मी मनात वीसपर्यंत मोजून मग पंख सोडला.

त्यानंतरच्या दिवसांचं मला सगळं दिसतं, पण आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखं. कोण आलं, कोणी पिठलं आणलं, कोणी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बोटांवर गोंद सुकला होता. तो सुकला की कातडीवर पापुद्रा होतो, त्यावर टाचणी टोचली तरी लागत नाही. मी तो काढलाच नाही. बसल्या बसल्या एका बोटानं दुसऱ्या बोटाला हात लावायची आणि कोणाचं तरी बोट असल्यासारखं वाटायचं. रडू आलं नाही. आत्या, बाबांची बहीण, मला गदागदा हलवायची, "रड गो बाय, रड, नायतर आत ऱ्हाईल." मी म्हणायची, हो आत्या. आणि नाही रडायची. खरं सांगते, मला भूक लागायची. रोज लागायची, वेळेवर.

पाचव्या दिवशी मोठे काका ओटीवर येऊन बसले. टोकावड्याहून मामा आला होता, तोही शेजारी. काकांनी माझ्याकडे बघितलं. "मने, तुझ्या आयशीला सांग. तेरावं झालं की तुमी दोघी मामाकडं टोकावड्याला. घर बंद ठेवू. इथं दोघी बायामाणसांनी एकटं ऱ्हावं असं नाय. शापूरची शाळा आता बास. आतापुरतं झालं शिक्षान." आई दाराच्या आत, चौकटीला टेकून. पाच हातसुद्धा नाही. मी मान वळवली. मी म्हटलं, "आई, टोकावड्याला जायचं म्हणतात. कॉलेज बास म्हणतात." इतक्या वर्षांची निरोप पोचवायची सवय, तोंडातून आपोआप निघालं, जसं चहा गोड झाला. आईनं पदर सावरला. मग म्हणाली, "सांग त्यांना, बरं." मी म्हटलं, "काका, बरं म्हणते." झालं. माझ्या कॉलेजचा निर्णय माझ्याच तोंडून इकडून तिकडे गेला, आणि मधे मी एक शब्दसुद्धा टाकला नाही. मामा म्हणाला, "आमच्याकडं धाब्यावर हाताखाली बाई पायजेच हाय, ताईचं मन रमंल." मला आठवतं, मी तेव्हा विचार करत होते की मामाच्या चपलेचा अंगठा शिवायला झालाय.

काकांना वाईट समजू नका हां. त्या दहा दिवसांत त्यांनी स्वतःचं भात उभं ठेवून आमचं खाचर आधी कापलं. स्वतः, दोन्ही मुलांना घेऊन. आणि कापणी झाल्यावर शेतातून एक विमान घेऊन आले, टॉवेलात गुंडाळून, तान्हं पोर आणल्यासारखं. बाबांनी केलेलं शेवटचं विमान. ते शेतात काठीला टांगलेलं होतं. काकांनी ते मला दिलं नाही, आईला दिलं नाही, स्वतःच्या घरी नेऊन ठेवलं. "दाव्याला लागंल," एवढंच म्हणाले.

दाव्याला म्हणजे दहाव्याला. आमच्याकडे दहाव्याला बायकाही नदीवर जातात. भातसेचं पाणी तेव्हा उतरलेलं, मोठे मोठे दगड उघडे, तापलेले. भटजी घाईत, त्यांना पुढे आटगावला दुसरं होतं, दर पाच मिनिटांनी घड्याळ. चुलतभाऊ निलेशनं बाबांचं सगळं केलं, मला भाऊ नाही म्हणून. पिंड मांडला, आम्ही सगळे मागे सरून करंजाच्या सावलीत बसलो, हात जोडून. आणि तेवढ्यात मोठे काका उठले, पिशवीतून टॉवेल काढला, टॉवेलातून ते विमान काढलं आणि पिंडाच्या शेजारी दगडावर ठेवलं. नीट, नदीकडे तोंड करून. "ह्ये त्याच्या हातचं शेवटचं. ह्ये बघंल नि लगेच यील," म्हणाले, आणि डोळे पुसत मागे आले.

आता इथे थांबून सांगावं लागेल ते विमान काय होतं. भाताचं कणीस दुधावर आलं की पाखरं उतरतात, चिमण्या, पोपट, कावळेसुद्धा. त्या वर्षी फार. आई रोज डबा वाजवून थकली आणि एका रविवारी बाबांना म्हणाली, "एवढी इमानं करता, एक माझ्या कामाचं करा." म्हणून बाबांनी ते केलं. पंखा असलेलं जुन्या पद्धतीचं विमान होतं. त्याचा पंखा खोक्यात नव्हताच. बाबांनी थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याचा कापला, चकचकीत बाजू बाहेर, आणि पेनाच्या रिफिलच्या तुकड्यात टाचणी घालून असा बसवला की फुंकर मारली तरी फिरेल. फर्रर्र असा आवाज यायचा आणि ऊन पडलं की त्याची तिरीप शेतभर नाचायची. आईनं स्वतः ते काठीला बांधलं. त्या दिवसापासून आमच्या खाचरात एक पाखरू उतरलं नाही. शेजारच्या बांधावर कावळे बसायचे, बघायचे, पण आत नाही. आई खूश. बाबांना म्हणाली होती, "आता खरं इमान केलंत." हे सगळं फक्त आम्हा तिघांना माहीत होतं. काकांना वाटलं होतं, येडा शेतात पण इमान लावून बसलाय, हौस म्हणून.

आणि आता ते पिंडाशेजारी. नदीवर वारा होता. फर्रर्र.

कावळे होते, चांगले दहाबारा, समोरच्या उंबरावर. एक खाली यायला निघाला, अर्ध्यात पत्र्याची तिरीप डोळ्यावर आली असेल, वळला आणि वर जाऊन बसला. दुसरा तसाच. काव काव चाललेलं. मला बघताक्षणी कळलं. काही विचार करायला लागला नाही, दोन अधिक दोन. मी उठायला लागले, जाऊन सांगते, ते विमान उचला म्हणून. आणि मला उठता येईना. माझ्या ओढणीचं टोक अडकलं होतं. बघते तर आईच्या गुडघ्याखाली. मला वाटलं चुकून. मी ओढलं. आईनं गुडघा हलवला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, समोर बघत एवढंच म्हणाली, "बस. पाय भाजतील."

मी बसले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. भटजी म्हणाले, "काहीतरी इच्छा राहिलीय, बोला कोणीतरी." आत्या पुढे झाली. "पांडू, रे पांडू, मी दिवाळीला बोलले नाय तुझ्याशी, त्ये सोड रे, माझंच चुकलं." कावळा नाही. कोणीतरी म्हणालं, चहा ठेवा, त्याला चहा लागायचा. थर्मासमधला चहा ठेवला. कोणीतरी म्हणालं, बिडी ठेवा. आत्या म्हणाली, "तो बिडी पीत नव्हता रे." तो माणूस म्हणाला, "मग त्येच ऱ्हायलं असंल." दोघंतिघं हसले आणि परत हात जोडून बसले. काका म्हणाले, "पांड्या, तुझी इमानं कुनाला देनार नाय. एक पन नाय. माझ्या घरात फळी मारतो." फर्रर्र. कावळा नाही. मामाला वाटलं आपणही बोलावं. तो पुढे झाला, हात जोडले. "दाजी, ताईची नि मनीची काळजी करू नका. दोघींना टोकावड्याला नेतो, काय कमी पडनार नाय." आणि तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला, पंखा असा काही फिरला की उंबरावरचे सगळेच्या सगळे कावळे उडाले आणि नदीपलीकडे जाऊन बसले.

सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मामा दोन पावलं मागे आला. "मी काय वाईट बोललो?"

भटजींनी दर्भ काढले. "दर्भाचा कावळा करतो, शास्त्रात आहे, चालतं." मला आठवतं, तेव्हा आईचा श्वास अडकल्याचा आवाज मला आला, बारीक. दर्भाच्या कावळ्यानं शिवलं की विषय संपला, मग कोणी काही बोलणार नाही. काका भटजींवर जवळजवळ ओरडलेच. "थांबा वो! गवताचा नको. माझा भाव कायतरी मागतोय. मला ऐकू दे." आणि ते उन्हात एकटे पुढे गेले, पिंडापासून दहा हातांवर उकिडवे बसले, सदरा घामानं भिजलेला. मला त्यांची पाठ दिसत होती. मला तेव्हा काय वाटलं ते लिहायचा खूप प्रयत्न केला. काही वाटलं नाही. मी सगळं बघत होते, मला सगळं माहीत होतं, एका शब्दाचं काम होतं, आणि माझ्या आत नुसतं पांढरं होतं. गुडघा तर फक्त ओढणीवर होता. तोंडावर नव्हता.

काका हळू बोलले, पण पाण्यावरून आवाज येतो. "पांड्या. पोरीच्या शाळेचं हाय का रे? त्ये हाय का? ... जाईल ती शापूरला. बारावी करंल. फुडं जितकं शिकंल तितकं शिकंल. हितंच ऱ्हातील दोघी, तुझ्या घरात. मी हाय. तुला शब्द दिला, ह्या नदीवर दिला. आता ये रे बाबा. किती तरसवशील."

आईनं गुडघा उचलला. "मने, चप्पल घाल नि त्ये इमान उचलून आन. उन्हानी रंग उडंल." अगदी साधं, गच्चीवरून पापड आण म्हणावं तसं. मी चप्पल घातली, गेले, काकांच्या बाजूनं, विमान उचललं, पंखा बोटानं दाबून धरला. फिरता पत्रा बोटाला कापत होता, रक्त आलं, ते नंतर दिसलं. दहा पावलंसुद्धा मागे आले नसेन, मागे पंखांची फडफड. एक नाही, तीन उतरले. काकांनी जो हंबरडा फोडला, तो मी आजवर कोणाचा ऐकला नाही. आत्या, निलेश, भटजींचेसुद्धा डोळे ओले. सगळे म्हणत होते, पोरीसाठी थांबला होता, पोरीसाठी. मामानं माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. आईनं पदर डोळ्याला लावला. आत काय होतं मला दिसलं नाही.

काकांनी शब्द पाळला. अक्षरशः. बारावीला मला टायफॉइड झाला तर काका स्वतः कॉलेजात जाऊन हजेरीवरून सरांशी भांडले, "तिच्या बापाला शब्द दिलाय." मी डिप्लोमा केला, आता मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्लास्टिकचे साचे डिझाइन करते, आणि हो, डहाळ्या पण करते, रोज, बादल्यांच्या झाकणांच्या आणि मिक्सरच्या बटणांच्या. लोकांना सांगितलं की हसतात. काका आता खूप थकलेत. घरात कोणाचंही लग्न असो, बारसं असो, ते पोरांना गोळा करून ती नदीवरची गोष्ट सांगतात, आणि सांगताना दरवेळी रडतात, आणि पोरं माझ्याकडे देव बघितल्यासारखी बघतात. मी वाढत असते, नाहीतर ताटं उचलत असते. आई तिथेच असते.

मागच्या महिन्यात मी तिला विचारलं. वीस वर्षांत पहिल्यांदा. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, आई, त्या दिवशी नदीवर तुला माहीत होतं ना. तिनं हात थांबवला नाही. "काय?" म्हणाली. मी म्हटलं, कावळे का येत नव्हते ते. तिनं एक खडा काढला, उजेडात धरून बघितला, फेकला. मग म्हणाली, "अर्धा तास उपाशी बसवलं मी त्यांना." एवढंच. सूप उचललं आणि आत गेली. तिचा आवाज सपाट होता, तसाच, आणि मला कळलं की माझा पण असाच आहे, आणि तो मला कोणाकडून आलाय.

मी अजून रडलेली नाही. ते काही सांगण्यासारखं नाही, पण आता लिहितेच आहे तर लिहून टाकते. मला फक्त त्या अर्ध्या तासाचं वाटतं. बाबा भुकेचे कच्चे होते, दुकानातून आले की हात धुवायच्या आधी भाकरीचा तुकडा मोडायचे. खरंखोटं कावळ्याला माहीत, पण जर ते तिथे होते, तर ताट समोर असून, बायकोनं आणि मुलीनं सगळं ठाऊक असून थांबवलेले होते. आणि ते जर तिथे होते तर त्यांना पण माहीतच होतं ना, विमान त्यांनीच तर केलेलं.

तुमच्यात कोणाच्या घरी असं झालंय का? सगळं गाव म्हणतं चमत्कार झाला, आणि घरातल्या एखाद्याच बाईला माहीत असतं की झालं काय? तुमच्यासाठी तुमच्या घरातलं कोणी मेल्यावरसुद्धा उपाशी थांबलंय का? खरं सांगा. नाव नका लिहू हवं तर, नुसतं हो म्हणा.